न्यूट्रल बार आणि अर्थ बार : घरच्या डीबीत नवी पट्टी बसवण्यापूर्वी

घर बांधताना बसवलेली डीबी, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, त्या वेळच्या गरजेपुरती असते आणि घर मात्र वाढत जाते. नाशिकच्या सिडको वसाहतीत हे ठळकपणे दिसते. मूळचे लहानसे घर, त्यावर नंतर चढलेला मजला, मागाहून आलेले गिझर, एसी, पाण्याची मोटर, इन्व्हर्टर आणि आता काही गच्च्यांवर सोलर. प्रत्येक नव्या सर्किटसाठी वायरमन एक एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, वाढवतो आणि फेजची वायर तिला जोडतो. पण त्याच सर्किटची न्यूट्रल आणि अर्थची वायर जोडायची वेळ येते, तेव्हा पितळी पट्टीवरची भोके संपलेली असतात. मग एकाच भोकात दोन, प्रसंगी तीन वायरी पिळून कोंबल्या जातात. स्क्रू वरून घट्ट वाटतो, पण आतली एखादी वायर सैलच राहते, तिथे उष्णता साचते, इन्सुलेशन पिवळे पडून पुढे काळे होते, आणि एखाद्या दिवशी जळकट वास आल्यावर डीबीचे झाकण उघडले जाते.

यावरचा सरळ उपाय म्हणजे डीबीत आणखी एक न्यूट्रल बार किंवा अर्थ बार बसवणे. बाजारात वायरमन आणि दुकानदार त्याला ‘लिंक’ही म्हणतात; ‘न्यूट्रल लिंक द्या’ म्हटले की पितळी पट्टी हातात येते. पट्टी बसवण्याचे काम मोठे नाही. अवघड आहे ते कोणती वायर कोणत्या पट्टीवर जायला हवी हे ठरवणे, आणि नेमके तेच घाईत ठरवले जाते. हा लेख घरमालकाने स्वतः स्क्रू ड्रायव्हर हाती घ्यावा म्हणून लिहिलेला नाही. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलण्यापलीकडचे वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम सांगतात, आणि डीबीत बार वाढवणे याच कक्षेत येते. परंतु काम करून घेणाऱ्याला काय विचारायचे आणि काय पाहायचे हे कळले, तर काम पुष्कळ वेगळे होते.

आधी दोन्ही वायरींची कामे पाहू. वीज फेजमधून उपकरणात जाते आणि न्यूट्रलमधून परत येते. सिंगल फेज सर्किटमध्ये फेजमधून जितके अँपिअर जातात तितकेच न्यूट्रलमधून परततात, म्हणून न्यूट्रल ही पूर्ण भार वाहणारी वायर आहे. ‘न्यूट्रलमध्ये काही नसते’ हा समज चुकीचा आणि घातकही आहे. अर्थची वायर याउलट एरवी रिकामी असते. ती गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते आणि आतली फेज त्या अंगाला टेकली तरच तिच्यातून प्रवाह वाहतो. काम इतके भिन्न असूनही डीबीत या दोहोंच्या पट्ट्या सारख्याच दिसतात. दोन्ही पितळी असतात, दोन्हींवर सारखेच स्क्रू असतात आणि दोन्हींना टेस्टर लावला तर टेस्टरमधला दिवा पेटत नाही. न्यूट्रलची वायर अर्थ बारवर जोडली तरी पंखा फिरतो, बल्ब लागतो, काहीच बिघडले नाही असे वाटते. चूक लगेच दिसत नाही, हीच या चुकीची खरी अडचण आहे.

या गोंधळात हल्ली व्हिडिओंची भर पडली आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये घराच्या मुख्य पॅनेलमधल्या एकाच पट्टीवर न्यूट्रल आणि ग्राउंड (म्हणजे आपली अर्थ) दोन्ही वायरी जोडलेल्या दिसतात, आणि तिथे ते नियमाला धरूनच असते, कारण तिथल्या पद्धतीत न्यूट्रल आणि ग्राउंड यांची जोडणी घराच्या मुख्य स्विचजवळ केली जाते. त्यापुढच्या उपपॅनेलमध्ये मात्र तिथेही त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात. आपल्याकडे न्यूट्रलला जमिनीशी जोडण्याचे काम वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरजवळ झालेले असते, तेही दोन स्वतंत्र जोडण्यांनी. ग्राहकाच्या आवारात अर्थिंगचा वेगळा खड्डा असतो आणि त्याची वायर डीबीतल्या अर्थ बारवर येते. म्हणून आपल्या घरच्या डीबीत न्यूट्रल बार आणि अर्थ बार एकमेकांना कोठेही जोडायचे नाहीत. तो व्हिडिओ पाहून कोणी दोन पट्ट्यांमध्ये वायरचा तुकडा टाकायला निघाला, तर त्याला तिथेच थांबवावे.

तो तुकडा टाकला तर काय होईल? खांबावरून घरात येणारी न्यूट्रल तुटली किंवा मीटरजवळ सैल झाली, असे समजा. पावसाळ्यात वाऱ्याने किंवा झाडाच्या फांदीने हे घडते. परतीचा मार्ग बंद झाला, पण फेज चालूच आहे. चालू असलेल्या पंख्यातून किंवा बल्बमधून फेज न्यूट्रल बारपर्यंत येते आणि तिथेच अडते. दोन्ही बार जोडलेले असतील, तर ती अर्थ बारवर आणि तिथून घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या उपकरणाच्या अंगावर पसरते. अर्थिंगचा खड्डा उत्तम असेल तर हा दाब, म्हणजे व्होल्टेज, बराच कमी होतो. खड्डा कोरडा असेल, तर फ्रिजच्या दरवाजाला हात लावणाऱ्याला जवळपास २३० व्होल्टचा धक्का बसू शकतो. काही जुन्या घरांत अर्थिंगच नसते, आणि थ्री-पिनच्या सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या भोकात जोडून ‘अर्थ काढून दिली’ असे सांगितले जाते. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये, जिथे लाकडी बोर्डावर किटकॅट फ्यूज अजून टिकून आहेत, हे विशेष तपासावे. अशा घरात नवा अर्थ बार बसवण्याआधी अर्थिंगचा खड्डा हवा. खड्ड्याविना अर्थ बार म्हणजे निव्वळ पितळ.

आता कोणी विचारील की न्यूट्रल आणि अर्थ वेगळे ठेवले, खड्डाही चांगला आहे, मग फेज अंगाला टेकली तर एमसीबी पडेलच ना? थोडे गणित करून पाहू. घराच्या अर्थिंगचा रोध ५ ओम आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा २ ओम धरला, तर २३० व्होल्टला ७ ने भागून सुमारे ३३ अँपिअर प्रवाह येतो. गिझरची एमसीबी १६ अँपिअरची, सी प्रकारची असेल, तर ती क्षणात पडण्यासाठी तिच्या क्षमतेच्या ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. ३३ अँपिअरला ती तापून पडेल, पण त्याला वेळ लागेल, आणि तेवढ्या वेळात गिझरच्या अंगावर ३३ गुणिले ५, म्हणजे सुमारे १६५ व्होल्ट असतील. ओल्या बाथरूममध्ये इतका दाब जीव घ्यायला पुरेसा आहे. म्हणजे चांगले अर्थिंग आणि चांगली एमसीबी असूनही संरक्षण अपुरे पडते. ही उणीव आरसीसीबी भरून काढते.

आरसीसीबीमधून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात आणि ती त्या दोहोंतील प्रवाहाची सतत तुलना करते. जेवढे गेले तेवढेच परत आले, तर ती शांत राहते. काही प्रवाह न्यूट्रलऐवजी जमिनीतून किंवा माणसाच्या शरीरातून परतू लागला आणि फरक तिच्या मर्यादेपर्यंत पोहोचला, की ती दोन्ही वायरी तोडते. घरासाठी ही मर्यादा ३० मिलिअँपिअरची असते, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांपैकी फक्त तीन. अर्थिंगचा रोध काही ओमऐवजी शेकडो ओम असला तरी एवढा फरक सहज निर्माण होतो, म्हणून आरसीसीबी आपले काम करते. मात्र ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किटपासून ती वाचवत नाही, त्यासाठी एमसीबी हवीच.

नव्या न्यूट्रल बारचा खरा पेच इथूनच सुरू होतो. समजा, घरात एक आरसीसीबी फक्त सॉकेट आणि गिझरसाठी आहे, आणि दिवे-पंखे तिच्या बाहेर, थेट मुख्य स्विचवर आहेत. अशा डीबीत दोन न्यूट्रल बार लागतात: एक मुख्य स्विचनंतरचा, दुसरा आरसीसीबीतून बाहेर पडलेल्या न्यूट्रलवरचा. नव्या सॉकेटची फेज आरसीसीबीनंतरच्या एमसीबीवर घेतली आणि न्यूट्रल मात्र भोक रिकामे दिसले म्हणून पहिल्या बारवर टाकली, तर त्या सॉकेटचा प्रवाह आरसीसीबीतून जातो पण तिच्यातून परत येत नाही. तिला तो गळती वाटतो, आणि त्या सॉकेटला काहीही लावले की ती पडते. उलट बाजूने दिव्यांची न्यूट्रल आरसीसीबीच्या बारवर टाकली, तरी हाच घोळ होतो. दोन आरसीसीबी असतील, तर दोघींचे बार स्वतंत्र हवेत आणि त्यांच्यात कोठेही दुवा नको. नवा बार घ्यायचा तो कोणत्या आरसीसीबीचा, हे आधी ठरवावे, मग स्क्रू सोडावेत. अर्थच्या वायरींना मात्र हे बंधन नाही. कोणत्याही आरसीसीबीच्या सर्किटची अर्थ एकाच अर्थ बारवर येते.

‘आरसीसीबी सारखी पडते, काढून टाका’ ही तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते, आणि काही वायरमन तिला बायपास करून देतात. हा तोडगा कधीही मान्य करू नये. सारखी पडणारी आरसीसीबी बहुधा काहीतरी खरेच सांगत असते: न्यूट्रल चुकीच्या बारवर आहे, किंवा भिंतीतल्या एखाद्या बॉक्समध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकलेल्या आहेत, किंवा गिझरच्या एलिमेंटमधून वीज झिरपते आहे. न्यूट्रल आणि अर्थ टेकण्याचा दोष विशेष चकवतो, कारण भार कमी असताना आरसीसीबी टिकते आणि संध्याकाळी चार उपकरणे सुरू झाली की पडते.

इन्व्हर्टर असलेल्या घरांत आणखी एक गुंता असतो. इन्व्हर्टरची लाइन टाकताना पुष्कळदा फक्त फेज वेगळी काढली जाते आणि न्यूट्रल जवळच्या बोर्डातून उसनी घेतली जाते. आरसीसीबी नसताना हे चालून जाते. आरसीसीबी बसवली की उसन्या न्यूट्रलमुळे तिचा हिशेब जुळत नाही. त्यामुळे नवा न्यूट्रल बार बसवायचाच असेल, तर इन्व्हर्टरवरच्या सर्किटांच्या न्यूट्रल शोधून त्यांचा वेगळा बार करून घ्यावा. काम कंटाळवाणे आहे, प्रत्येक वायर कोठून येते हे पाहावे लागते, आणि म्हणूनच त्याची मजुरी वेगळी द्यायला मागेपुढे पाहू नये.

बसवण्याच्या तपशिलांत काही गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात. डीबी धातूची असेल, तर न्यूट्रल बार इन्सुलेटिंग पायावर हवा, त्याचा पत्र्याशी संपर्क येता कामा नये. अर्थ बार मात्र पत्र्याशी पक्का जोडलेला हवा, आणि त्या जागेचा रंग खरवडून धातू धातूला भिडवलेला हवा, नाहीतर रंगाचा थर इन्सुलेशनचे काम करतो. डीबीच्या झाकणालाही अर्थ हवी. नवा बार त्याच कंपनीचा, त्या डीबीसाठी दिलेल्या जागेत बसणारा घ्यावा. कोपऱ्यात टेकवलेला, एका स्क्रूवर लटकणारा बार घेऊ नये. डीबीत जागाच उरली नसेल, तर मोठी डीबी घेणे हेच शहाणपणाचे. नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात स्विचगिअर बनवणारे कारखाने आहेत, त्या शहरात चार वायरींसाठी जागा नाही म्हणून जुगाड करण्याची गरज नसावी.

जुन्या न्यूट्रल बारवरून त्याच गटाच्या नव्या बारकडे जाणारा दुवा हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. नव्या बारवर चार सर्किटे आली, तर त्या चारींचा परतीचा प्रवाह या एकाच दुव्यातून जातो. हा दुवा हाताशी असलेल्या २.५ चौरस मिलिमीटरच्या तुकड्याने केला, तर तो तापतो, आणि न्यूट्रलच्या वाटेत एमसीबी नसल्याने त्याला वेगळे संरक्षणही नसते. दुवा मुख्य न्यूट्रलइतक्याच जाडीचा हवा. अर्थच्या वायरींचा नियम सोपा आहे: फेजची वायर १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल, तर अर्थची वायर तेवढ्याच जाडीची. एका भोकात एकच वायर, बहुतारी वायरच्या टोकाला लग (दाबून बसवलेले धातूचे टोक), आणि स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या ताकदीने आवळलेला असावा. ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या वायरीबरोबर एकाच स्क्रूखाली दाबू नये, कारण दोन्ही धातू उष्णतेने वेगवेगळे फुगतात आणि जोड सैल होतो. रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ असते, तर लाल, पिवळी आणि निळी या फेज असतात. पण अनेक उपकरणांच्या कॉर्डमध्ये निळी वायर न्यूट्रल असते. बार कोणताही असो, वायर मोजून ओळखावी, रंग पाहून नाही.

थ्री फेज घेतलेल्या बंगल्यांमध्ये न्यूट्रल सैल झाल्याची किंमत सर्वांत मोठी असते. सिंगल फेज घरात न्यूट्रल आणि अर्थ बार वेगळे असतील, तर मुख्य न्यूट्रल तुटली की वीज जाते, एवढेच. थ्री फेजमध्ये वीज जात नाही, बिघडते. एका फेजवर २००० वॉटचा गिझर आणि दुसऱ्यावर १०० वॉटचा टीव्ही चालू असताना मुख्य न्यूट्रल निसटली, तर ही दोन उपकरणे दोन फेजमधल्या ४०० व्होल्टवर एकामागोमाग जोडल्यासारखी होतात. गिझरचा रोध सुमारे २६ ओम, टीव्हीचा सुमारे ५३० ओम धरला, तर दाबाची वाटणी रोधाच्या प्रमाणात होऊन टीव्हीला सुमारे ३८० व्होल्ट मिळतात आणि गिझरला २० हून कमी. काही क्षणांत टीव्ही जळतो. म्हणून थ्री फेजमध्ये मुख्य न्यूट्रलचा स्क्रू बारच्या टोकाला, स्वतंत्र आणि मोठा असावा, आणि बार बसवल्यानंतर काही आठवड्यांनी सर्व स्क्रू पुन्हा आवळून घ्यावेत.

काम सुरू होण्यापूर्वी वीज बंद करणे म्हणजे डीबीतला मुख्य स्विच पाडणे, असे समजू नये. मुख्य स्विच पाडल्यावरही त्याच्या वरच्या टोकाला मीटरकडून आलेली फेज जिवंत असते. मीटरजवळचा कट-आउट किंवा स्विच बंद करावा लागतो. महावितरणचे सील मात्र तोडू नये, त्यासाठी त्यांच्याच माणसाला बोलवावे. इन्व्हर्टर वेगळा बंद करावा, कारण बाहेरची वीज गेली की तो त्याची वीज घरात ढकलतो. सोलर असेल, तर ग्रिडवर चालणारा सोलर इन्व्हर्टर वीज गेल्यावर स्वतः थांबतो, पण पॅनेलकडून येणाऱ्या डीसी वायरी दिवसा जिवंतच असतात. एवढे झाल्यावर मल्टिमीटर लावून प्रत्येक बार तपासावा आणि मगच स्क्रूला हात लावावा.

अर्थ बारची वायर शेवटी जमिनीत जाते, आणि नाशिकची जमीन त्या बाबतीत सोपी नाही. काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते. अनेक भागांत थोड्याच खोलीवर बेसॉल्टचा कातळ लागतो आणि खड्डा पुरेसा खोल जात नाही. पाइप इलेक्ट्रोड निदान २.५ मीटर लांबीचा असावा, असे अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्ये, सांगितले आहे. कातळ लागला तर एका ठिकाणी हट्टाने खोदण्याऐवजी अंतर ठेवून दोन इलेक्ट्रोड घालून ते जोडणे बरे. मोजमाप मे महिन्यात करावे. ऑगस्टमध्ये चिखलात बुडालेला खड्डा नेहमीच चांगला आकडा दाखवतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीच्या मीटर रूममधली अर्थची पट्टी खरोखर खड्ड्यापर्यंत जाते की भिंतीत मध्येच संपते, हे एकदा पाहावे.

मोजमापाच्या नावाखाली फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॉटचा बल्ब लावून दाखवण्याची प्रथा अजून आहे. बल्ब झगझगीत लागला की अर्थिंग उत्तम, असे सांगतात. पण या बल्बचा रोध सुमारे ५३० ओम असतो आणि त्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. अर्थिंगचा रोध ५० ओम, म्हणजे अगदी वाईट असला, तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. अर्थची वायर कोठे तुटलेली असेल, तर याच बल्बमधून फेज घरभरच्या उपकरणांच्या अंगावर जाते. अर्थ टेस्टर नावाचे उपकरण असते, ते आणायला सांगावे.

बार बसल्यावर घेण्याच्या चाचण्यांपैकी सर्वांत महत्त्वाची एक आहे. मुख्य स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असेल तर तो बंद करून, सर्व उपकरणांचे प्लग काढून, न्यूट्रल बार आणि अर्थ बार यांच्यातला रोध ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, मोजावा. तो निदान १ मेगओम हवा. शून्याजवळ आला, तर दोन्ही कोठेतरी जोडलेल्या आहेत आणि ती जागा सापडेपर्यंत काम संपलेले नाही. वेगवेगळ्या गटांचे स्वतंत्र न्यूट्रल बार असतील, तर त्यांच्यातही असाच रोध, सर्व आरसीसीबी बंद ठेवून, पाहावा. त्यानंतर वीज सुरू करून आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबावे. हे बटण फक्त आरसीसीबी पडते की नाही एवढेच सांगते. घरात अर्थिंग नसले तरी ते दाबल्यावर आरसीसीबी पडते, कारण चाचणीचा प्रवाह आतल्या आतच फिरवलेला असतो. शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून घ्यावा, ज्यावर एमसीबीचा क्रमांक, ती कोणत्या खोलीची, तिची न्यूट्रल कोणत्या बारच्या कितव्या भोकात आणि तो बार कोणत्या आरसीसीबीचा, हे लिहिलेले असेल. पुढच्या वायरमनला वायरी ओढून अंदाज बांधावा लागणार नाही.